समानार्थी शब्दांची पाचशे वर्षं

मुलं यिअर फाइव्हमध्ये गेली की त्यांचे आईवडील माझ्याकडे यादी मागायला येतात. ‘ताई, ती अवघड क्रियापदांची यादी द्या ना,’ एवढंच म्हणणं असतं. इंग्लंडमधल्या स्लाउमध्ये इलेव्हन प्लसची तयारी करून घेणं हे माझं काम. दहा वर्षांची मुलं सप्टेंबरात, सहावीचं वर्ष नुकतंच सुरू झालेलं असताना, ग्रामर स्कूलच्या, म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळांच्या, प्रवेशासाठी ही परीक्षा देतात. यादीत असतात रिलिंक्विश, स्क्रूटिनाइझ, रिप्रिमांड, अॅब्स्टेन, लोद, पाँडर असे शब्द. प्रत्येकासमोर त्याच अर्थाचे दोन-तीन शब्द. रोज दहा पाठ करायचे, रविवारी उजळणी.

यादी मी देते. पण ती आली कुठून, तेही सांगावंसं वाटतं. इंग्लंडमध्ये मुलांना एका शब्दाला दुसरा शब्द शिकवण्याची रीत पाचशे वर्षांपेक्षा जुनी आहे, आणि तिचा हेतू या काळात पार बदलून गेला आहे. तो कसा बदलला हे कळलं, तर मुलाला घरी कसं शिकवायचं हेही उमगतं, असा माझा अनुभव आहे.

ग्रामर स्कूल या नावातलं ग्रामर मुळात इंग्रजीचं नव्हे, लॅटिनचं. इथल्या जुन्या शाळा मुलांना लॅटिन शिकवण्यासाठी निघाल्या. १५०९ मध्ये जॉन कॉलेट यांनी लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या आवारात आपली शाळा नव्याने उभी केली. मुलांची संख्या ठरवली १५३, म्हणजे बायबलमधल्या एका प्रसंगात जाळ्यात जितके मासे सापडले तितकी. या शाळेसाठी त्यांचे मित्र इरॅस्मस यांनी एक पुस्तक लिहिलं. ‘दे कोपिया’ हे त्याचं नाव. १५१२ मध्ये ते पॅरिसला छापलं गेलं आणि पुढे युरोपभरच्या शाळांत पोचलं. तुझ्या पत्राने मला फार आनंद झाला, अशा अर्थाचं एक साधं वाक्य घेऊन इरॅस्मस यांनी ते जवळजवळ दीडशे तऱ्हांनी लिहून दाखवलं. कधी क्रियापद बदललं, कधी कर्ता बदलला, कधी अलंकार चढवला.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा हा मला नुसता पांडित्याचा खेळ वाटला होता. पण शिक्षक म्हणून पाहिलं की त्यातलं शहाणपण दिसतं. मुलाला दीडशे वाक्यं पाठ करायची नव्हती. हाताशी इतकं भांडार असावं, की राजाला लिहायचं पत्र आणि मित्राला लिहायचं पत्र यांत शब्द चुकू नये, ही त्यामागची दृष्टी होती. समानार्थी शब्द शिकायचे ते बोलण्यासाठी आणि लिहिण्यासाठी. दुसऱ्याने दिलेल्या पाच शब्दांतून एकावर खूण करण्यासाठी नव्हे.

लॅटिन शिकलेली ही मुलं मोठी झाली आणि इंग्रजीतही लॅटिन शब्द पेरू लागली. त्याआधी नॉर्मन राजांबरोबर फ्रेंच शब्दांचा लोंढा येऊन गेलाच होता. त्यामुळे एकेका क्रियेला तीन-तीन थरांची नावं जमा झाली. शेतावरचं एक, दरबारातलं एक, ग्रंथातलं एक. आज मुलांच्या यादीत जे शब्द ‘अॅडव्हान्स्ड’ म्हणून येतात, ते बहुतेक ग्रंथातल्या थरातले. सामान्य माणसाला हे शब्द तेव्हाही परकेच होते. म्हणून रॉबर्ट कॉड्री नावाच्या शिक्षकाने १६०४ मध्ये सुमारे अडीच हजार अवघड शब्दांचा एक छोटा कोश काढला आणि जड शब्दासमोर सोपा शब्द दिला. इंग्रजीचा इंग्रजीतच अर्थ सांगणारा हा पहिला छापील कोश मानतात. लॅटिन न शिकलेल्यांसाठी, खास करून स्त्रियांसाठी, तो काढल्याचं त्याने मुखपृष्ठावरच सांगितलं होतं. पहिल्या आवृत्तीची एकच प्रत आज शिल्लक आहे, ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात. माझ्या टेबलावर मुलं जी यादी घेऊन बसतात, तिचा पूर्वज मी या पुस्तिकेतच पाहते.

पुढचं पुस्तक मला सगळ्यांत जवळचं वाटतं. हेस्टर पियोत्सी या डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांच्या स्नेही. पहिल्या पतीच्या निधनानंतर त्यांनी गॅब्रिएल पियोत्सी या इटालियन संगीतकाराशी लग्न केलं आणि त्यापायी मैत्रिणींचा, मुलींचाही रोष ओढवून घेतला. १७९४ मध्ये त्यांनी इंग्रजी समानार्थी शब्दांवर दोन खंड प्रसिद्ध केले. परदेशातून आलेल्या माणसाला व्याकरण शिकवता येतं, पण कुठल्या बैठकीत कुठला शब्द शोभतो हे कोण सांगणार, या तळमळीतून ते लिहिले आहेत. अर्थ सारखे दिसणारे दोन-तीन शब्द घ्यायचे आणि त्यांच्यातला फरक गप्पांच्या ओघात उलगडायचा, अशी त्यांची पद्धत. जॉर्ज क्रॅब यांनी १८१६ मध्ये हेच काम अधिक शिस्तीने, मोठ्या कोशाच्या रूपात केलं. दोघांचाही भर फरकावर होता. ‘सारखे’ म्हणून एकत्र आणलेले शब्द सारखे नाहीत, हे दाखवणं म्हणजेच त्यांच्या लेखी समानार्थी शब्द शिकवणं.

मग रॉजे. पीटर मार्क रॉजे हे डॉक्टर. रॉयल सोसायटीचं सचिवपद त्यांनी वीसहून अधिक वर्षं सांभाळलं. शब्दांच्या याद्या करण्याचा नाद त्यांना तरुणपणापासून होता आणि १८०५ मध्ये त्यांनी आपल्यापुरता एक छोटा संग्रह करूनही ठेवला होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी तो वाढवला आणि १८५२ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, ‘थिसॉरस’ प्रसिद्ध केला. जगातल्या सगळ्या कल्पना एक हजार कप्प्यांत बसवल्या आणि कप्प्यात नामं, क्रियापदं, विशेषणं वेगवेगळी लावली. अर्थ दिलेच नाहीत. कारण हे पुस्तक ज्याला शब्द माहीत आहे, पण ऐनवेळी आठवत नाही, त्याच्यासाठी होतं. आज दुकानात मुलांसाठी मिळणाऱ्या बहुतेक याद्या रॉजे यांच्याच मांडणीवर बेतलेल्या असतात. फरक एवढाच, की शब्द आधीच ठाऊक असलेल्या लेखकाचं साधन आपण शब्द अजून ठाऊक नसलेल्या मुलाच्या हातात देतो. मुलं अशा याद्यांवरून चुकीची वाक्यं का लिहितात, याचं उत्तर मला इथे सापडलं. ‘माय मदर इंटेरोगेटेड मी अबाउट लंच,’ असं एका मुलीने लिहिलं होतं. यादीत आस्क आणि इंटेरोगेट शेजारी होते. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

इथवरचा इतिहास शब्द वापरण्याचा आहे. शब्दांवरून मुलं निवडण्याचा इतिहास विसाव्या शतकात सुरू होतो, आणि तो सुरू झाला फार चांगल्या हेतूने.

१९०७ मध्ये इंग्लंडच्या सरकारने नियम केला, की अनुदान घेणाऱ्या माध्यमिक शाळांनी साधारणपणे एक चतुर्थांश जागा प्राथमिक शाळांतून येणाऱ्या मुलांना फुकट द्यायच्या. जागा थोड्या आणि मुलं फार, म्हणून परीक्षा आली. इंग्रजी आणि गणित. इथेच पेच पडला. चांगले शिक्षक असलेल्या शहरी शाळेतलं मूल निबंध छान लिहिणार. खाणकामगारांच्या वस्तीतल्या, एकाच खोलीत तीन वर्ग भरणाऱ्या शाळेतलं मूल तितकंच हुशार असलं तरी कागदावर मागे पडणार. स्कॉटलंडच्या सीमेवरच्या नॉर्थंबरलंड परगण्यात हे स्पष्ट दिसू लागलं. काही खेड्यांतल्या शाळांतून फुकट जागेसाठी मुलं पुढेच येत नव्हती. तिथे हुशार मुलंच नाहीत, की ती कुणाला दिसत नाहीत? परगण्याच्या शिक्षण समितीने हा प्रश्न न्यूकॅसलच्या आर्मस्ट्राँग कॉलेजातल्या गॉडफ्रे थॉमसन या प्राध्यापकाकडे नेला.

थॉमसन यांना तो प्रश्न पुस्तकातून समजून घ्यावा लागला नाही. त्यांची आई नवऱ्यापासून वेगळी होऊन तान्ह्या मुलासह टाइन नदीकाठच्या फेलिंग या गावी परतली आणि तिने त्यांना एकटीने वाढवलं. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून ते शिकले. त्यांनी १९२१ मध्ये नॉर्थंबरलंडच्या मुलांसाठी एक नवी चाचणी तयार केली. निबंध नाही, व्याख्या नाहीत. छोटे छोटे प्रश्न. दिलेल्या शब्दाच्या अर्थाचा शब्द शोधा, उलट अर्थाचा शोधा, गटात न बसणारा शब्द ओळखा, सांकेतिक लिपी सोडवा. शाळेत काय शिकवलं यापेक्षा मूल कसा विचार करतं ते दिसावं, हा उद्देश. खोलीभर मुलांना एकाच वेळी ती देता येई आणि कुणीही तपासली तरी गुण तेच येत. मुलाचं वय महिन्यांत मोजून गुणांत सवलत देण्याची पद्धतही या चाचण्यांबरोबर रुळली. ती आजही आहे. ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलाची तुलना सप्टेंबरमध्ये जन्मलेल्याशी सरसकट होत नाही. पालकांना हे सांगितलं की त्यांचा अर्धा घोर मिटतो.

१९२५ मध्ये थॉमसन एडिंबराला गेले आणि मोरे हाउस या अध्यापक महाविद्यालयाचे प्रमुख झाले. तिथून निघालेल्या ‘मोरे हाउस टेस्ट्स’ पुढची काही दशकं इंग्लंडमधल्या अनेक परगण्यांनी वापरल्या. लाखो प्रती खपल्या. थॉमसन यांनी त्याचं मानधन स्वतःसाठी घेतलं नाही, संशोधनाकडे वळवलं. १ जून १९३२ रोजी तर १९२१ साली जन्मलेल्या स्कॉटलंडच्या जवळपास सगळ्या शाळकरी मुलांनी एकाच दिवशी यांतली एक चाचणी सोडवली. ८७,४९८ मुलं, ४५ मिनिटं, ७१ प्रश्न. त्या नोंदी जपून ठेवल्या गेल्या आणि साठ-सत्तर वर्षांनी एडिंबराच्या संशोधकांनी त्या मुलांपैकी म्हातारपणापर्यंत हयात असलेल्यांना शोधून काढून बुद्धी आणि वार्धक्य यांवर मोठं काम केलं.

आपल्याकडे हा प्रवाह फार उशिरा पोचला असं नाही. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी फ्रान्सच्या बिने यांच्या बुद्धिमापन कसोटीचं मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतर केलं आणि त्यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९४० मध्ये आलं. मिरजेत चौथीत असताना मी स्कॉलरशिपची परीक्षा दिली, तेव्हा बुद्धिमत्ता चाचणीच्या पेपरात वेगळा शब्द ओळखा, सांकेतिक भाषा, शब्दांमधला संबंध, असेच प्रश्न होते. स्लाउमध्ये पहिल्यांदा व्हर्बल रीझनिंगचा पेपर हातात घेतला तेव्हा तो मला ओळखीचा वाटला. भाषा तेवढी वेगळी.

१९४४ च्या बटलर शिक्षण कायद्याने माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत झालं आणि मग या चाचणीचं ओझं एकदम वाढलं. आता ती काही गरीब मुलांना वर काढण्यासाठी राहिली नाही. देशातलं जवळजवळ प्रत्येक मूल अकराव्या वर्षी तिच्यातून जाऊ लागलं. साधारण चार-पाचांतलं एक ग्रामर स्कूलला, बाकीची बहुतेक सेकंडरी मॉडर्न या सर्वसाधारण शाळांना. पास झालेल्यांना घरून नवी सायकल, नापास झालेल्यांना आयुष्यभराचा सल. त्या पिढीतली माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. वाचनालयात माझ्याशी बोलताना त्यांच्यातली कित्येक जण अजूनही पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकतात, की आपण पास झालो होतो की नाही.

न शिकवता सुटावी म्हणून निघालेली चाचणी शिकवता येते, हे फार काळ लपलं नाही. ग्लासगोच्या एका प्रकाशकाने १९३८ मध्ये अँगस मॅकायव्हर या शिक्षकाचं ‘फर्स्ट एड इन इंग्लिश’ काढलं. समानार्थी, विरुद्धार्थी, समूहवाचक शब्द, प्राण्यांचे आवाज, सगळं रकान्यांत. ते पुढे ब्रिटिश साम्राज्यातल्या कितीतरी देशांत पोचलं आणि आजही विकलं जातं. १९५० च्या सुमाराला मानसशास्त्रज्ञ फिलिप व्हर्नन यांनी सरावाने आणि शिकवणीने या चाचण्यांचे गुण चांगलेच वाढतात हे दाखवलं, तेव्हा मोठा गदारोळ उठला. ज्या मापाने जन्मजात बुद्धी मोजायची, ते माप शिकवणीने हलत होतं. १९५३ मध्ये ब्रायन सायमन यांनी या मोजमापाच्या पायावरच टीका केली. १९५६ मध्ये फ्लाउड, हॅल्सी आणि मार्टिन यांनी मुलाचा सामाजिक वर्ग आणि ग्रामर स्कूलमधला प्रवेश यांचं नातं आकडेवारीने मांडलं. १९५७ मध्ये येट्स आणि पिजन यांच्या अहवालातून दिसलं, की सर्वांत चांगली पद्धत वापरली तरी शंभरातली दहा-बारा मुलं चुकीच्या शाळेत जातात. दहा-बारा हा आकडा कागदावर लहान दिसतो. माझ्या एका वर्षाच्या मुलांना समोर बसवून मोजलं की तो लहान राहत नाही.

मुलींच्या बाबतीत तर उघड अन्याय झाला. अकराव्या वर्षी मुली शब्दांच्या प्रश्नांत सरस ठरत, म्हणून अनेक ठिकाणी मुलामुलींचे गुण वेगळे लावून मुलींसाठी पात्रतेची रेषा वर ठेवली जाई. बर्मिंगहॅममध्ये ग्रामर स्कूलच्या जागा मुलांना ५४० आणि मुलींना ३६० होत्या. हे बेकायदा आहे असं हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८९ मध्ये ठरवलं, तोवर कितीतरी मुलींनी सारखे किंवा जास्त गुण मिळवूनही जागा गमावल्या होत्या.

१९६५ च्या सरकारी परिपत्रकाने सर्वांसाठी एकच शाळा हे धोरण मांडलं आणि परगण्यामागून परगणे इलेव्हन प्लस सोडत गेले. नॉर्थंबरलंडनेही सोडली. आज ईशान्य इंग्लंडमध्ये एकही सरकारी ग्रामर स्कूल नाही. स्कॉटलंड आणि वेल्समध्येही नाहीत. इंग्लंडभर मिळून १६३ उरल्या आहेत. केंट, लिंकनशायर, बकिंगहॅमशायर, बर्मिंगहॅम, लंडनच्या कडेचे काही भाग, आमचं स्लाउ आणि आणखी काही ठिकाणी. नवी काढायला १९९८ च्या कायद्याने बंदी आहे. जागा तेवढ्याच आणि येणारी मुलं कैक पटींनी जास्त, म्हणून शिकवणीचा बाजार फुगला. त्यात मीही आहे.

२०१३ च्या सुमाराला बकिंगहॅमशायरने डरहॅम विद्यापीठाच्या सेम या केंद्राची परीक्षा घेतली. शिकवणीला दाद न देणारी परीक्षा, असा तिचा बोलबाला होता. तिच्यात शब्दसंग्रहावर भर फार. सराव करण्याजोगे ठरावीक प्रकार नाहीत, तर मग पालक करणार काय? त्यांनी शब्दच गोळा करायला घेतले. परीक्षेतून बाहेर आलेल्या मुलांना दारातच विचारायचं, ‘कुठले शब्द होते रे?’ आणि लिहून घ्यायचं. हजार शब्दांच्या, दोन हजार शब्दांच्या याद्या हातोहात फिरू लागल्या. ‘अॅडव्हान्स्ड व्हर्ब्ज’ हा वेगळा भाग तेव्हापासून जास्त दिसू लागला, कारण क्रियापदावरचे प्रश्न चकवणारे. पुढे बकिंगहॅमशायरने ती परीक्षा सोडली, नंतर सेमने कागदी परीक्षाही बंद केली. याद्या मात्र राहिल्या.

आता थोडं आपल्या घरांविषयी. मराठी घरांतल्या मुलांचं मला एक वैशिष्ट्य दिसतं. त्यांना रिसाइड येतं, कमेन्स येतं, रीइंबर्स, इंटिमेट, पोस्टपोन येतं. इथल्या इंग्रज मुलांना हे शब्द अवघड जातात. आमच्या मुलांना ते आईबाबांच्या तोंडून ऐकून ठाऊक, कारण आपली इंग्रजी अजूनही कचेरीची आहे. १८५९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक झाली तेव्हापासून आपण जी इंग्रजी शिकलो ती अर्ज, निवाडे आणि अहवालांची. मी स्वतः रेन अँड मार्टिनच्या लाल कव्हराच्या व्याकरणावर वाढले, आणि त्यातले पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केलेले गृहस्थ. त्या पुस्तकाने आम्हाला लॅटिन थरातली क्रियापदं भरभरून दिली. पण डॉडल, ट्रज, विन्स, स्काउल, नज, हीड हे अंगणातले आणि स्वयंपाकघरातले शब्द त्या वाटेने आलेच नाहीत. ते गोष्टींच्या पुस्तकांतून आणि इंग्रज आजीच्या रागावण्यातून येतात. म्हणून मराठी पालक माझ्याकडे लांबलचक शब्दांची यादी मागतात आणि मी त्यांना आखूड शब्दांची देते.

शिकवण्यासाठी मी पियोत्सीबाईंच्या वाटेने जाते, फरकावरून. चालण्याची क्रियापदं बैठकीच्या खोलीत चालूनच शिकवते. पाठीवर शाळेचं भरलेलं दप्तर घेऊन स्वयंपाकघरापासून दारापर्यंत पाय ओढत ये, हे ट्रज. आता दप्तर टाक आणि रविवारी बागेत आल्यासारखी रमतगमत ये, हे सॉन्टर. ढांगा टाकत ये, स्ट्राइड. बाळ झोपलंय, चवड्यांवर ये, टिपटो. चारही शब्द यादीत ‘वॉक’ समोर असतात. एकदा चालून झालं की मुलं ते एकमेकांच्या जागी घालत नाहीत.

रागाच्या शब्दांना तर मला मराठीच उपयोगी पडते. एका मुलाची आजी सोलापूरहून सहा महिन्यांसाठी आली होती आणि ती त्याला घेऊन येई. व्हेक्स, इन्सेन्स, एन्रेज यांत गोंधळ चालला होता. आजी कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, ‘अरे, मी तुझ्यावर वैतागते कधी, चिडते कधी आणि खवळते कधी, हे तुला कळतं ना?’ त्याला चांगलं कळत होतं. सकाळी मोजे सापडत नाहीत तेव्हा आजी वैतागते. खोटं बोललं तर चिडते. धाकट्या बहिणीला ढकललं तेव्हा खवळली होती. त्याने तीन इंग्रजी क्रियापदं त्या तीन प्रसंगांसमोर लिहिली आणि त्यांचा क्रम बरोबर लागला. घरी मराठी बोलू नका, नाहीतर इंग्रजी कच्चं राहील, असा सल्ला अजूनही पालकांना कुणी ना कुणी देतं. मी त्यांना हात जोडून सांगते की बोला. ज्या मुलाला एका भाषेत छटा कळतात त्याला दुसऱ्या भाषेत त्या दाखवता येतात. एकाही भाषेत न कळणाऱ्या मुलाला याद्या वाचवू शकत नाहीत.

परीक्षेपुरत्या गोष्टीही सांगतेच. दिलेलं क्रियापद भूतकाळात असेल तर उत्तरही त्याच काळातलं शोधा. ऑब्जेक्ट, रिफ्यूज, डेझर्ट हे शब्द नाम म्हणून एका जागी जोर देऊन म्हणतात आणि क्रियापद म्हणून दुसऱ्या. प्रश्नातले बाकीचे शब्द पाहून आपण कुठला म्हणतोय ते ठरवा. कंसांतल्या दोन गटांतून एकेक शब्द निवडायचा असेल तर पहिल्या गटातला प्रत्येक शब्द दुसऱ्या गटातल्या प्रत्येकाशी लावून पाहा. मनाला भावलेल्या पहिल्याच जोडीवर पेन्सिल फिरवू नका. उलट अर्थाचा शब्द पर्यायांत मुद्दाम ठेवलेला असतो. घाईत तोच ओढून घेतो.

एवढं सगळं सांगताना मनात टोचत राहतं ते हे. सटन ट्रस्ट या संस्थेने २०१३ मध्ये आकडे दिले. ग्रामर स्कूलमध्ये प्रवेश घेणाऱ्या मुलांपैकी शाळेत मोफत जेवण मिळण्याइतकी गरीब घरची मुलं तीन टक्क्यांहूनही कमी होती. त्याच भागांत एकूण मुलांमध्ये त्यांचं प्रमाण अठरा टक्के होतं. थॉमसन यांनी ज्या मुलांसाठी पहिली चाचणी बनवली, त्याच मुलांच्या वाट्याला हे तीन टक्के आले. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या घरी शिकवणीचे पैसे आहेत, पुस्तकांचं कपाट आहे, आजीला विमानाने बोलावण्याची ऐपत आहे. त्यांनी कष्ट केलेले असतात आणि त्यांच्या यशाचा मला मनापासून आनंद होतो. पण समानार्थी शब्दांची परीक्षा आज मुलाच्या डोक्याइतकीच त्याच्या घराचीही परीक्षा घेते, हे मी रोज डोळ्यांनी पाहते.

काही शाळांनी यावर उपाय सुरू केले आहेत. बर्मिंगहॅमच्या किंग एडवर्ड द सिक्स्थ ग्रामर स्कूल्सनी गरीब घरच्या मुलांसाठी पात्रतेची रेषा खाली आणली आणि काही जागा त्यांच्यासाठी ठेवल्या. त्यानंतर तिथे अशी मुलं वाढली. मला हे पाऊल योग्य वाटतं. पण जागा राखून ठेवल्या तरी शब्द आधीपासून कानावर पडायला हवेत, आणि ते काम चौथीच्या, तिसरीच्या, अगदी बालवाडीच्या वर्गात व्हायला हवं. दर वर्षी एक-दोन शाळांच्या मुख्याध्यापकांना मी हेच लिहून कळवते आणि वर्गात रोज मोठ्याने गोष्ट वाचायला वीस मिनिटं मागते.

शनिवारी सकाळी मी वाचनालयात मुलांना गोळा करते. तिथे फी नाही, नाव नोंदवावं लागत नाही. पोलिश, सोमाली, पंजाबी, तमिळ, इंग्रज, सगळ्या घरची येतात. तिथे यादी नसते. एक गोष्ट मोठ्याने वाचायची, अवघड क्रियापद आलं की थांबायचं आणि कुणाच्या घरी त्याला काय म्हणतात ते विचारायचं. गेल्या वेळी ‘ग्रम्बल’ला आठ भाषांतले शब्द मिळाले. त्यातला ‘कुरकुरणे’ सगळ्यांनाच म्हणून पाहायचा होता. या शनिवारी ‘कोक्स’ घेणार आहे. गोडीगुलाबीने वळवणं. मुलांना तो शब्द ठाऊक नसला तरी ते काम त्या सगळ्यांना पक्कं जमतं.